स्पॅनिशमधील हाडांचे वाक्प्रचार आणि त्यांचे इंग्रजी पर्याय

प्रश्न असा आहे की, स्पॅनिश शिकताना हाडांवरून आलेले वाक्प्रचार वारंवार भेटतात, परंतु शब्दकोशात त्यांचे इंग्रजी पर्याय पाहिले तर त्यांत कधी हाड असते, कधी कातडी, कधी रक्त, तर कधी टणक कवचाचे फळ. अशा वेळी हे वाक्प्रचार लक्षात कसे ठेवावेत आणि अनुवाद करताना कोणता पर्याय कुठे बसतो हे कसे ओळखावे. मी अनेक वर्षे स्पॅनिश शिकवत आहे आणि स्पॅनिशमधून इंग्रजीत व मराठीत अनुवाद करत आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या नेहमीच्या कामाचा आहे. माझे उत्तर असे की, इंग्रजी पर्यायात हाड शोधत बसू नये. मूळ वाक्प्रचारात हाड कोणते काम करते ते आधी पाहावे. ते काम एकदा कळले की योग्य पर्याय सुचतो, आणि मराठी भाषकाला तर तो बहुधा मराठीत आधी सुचतो व इंग्रजीत नंतर. म्हणूनच स्पॅनिश वाक्प्रचार इंग्रजीच्या मध्यस्थीने पाठ करण्याची विद्यार्थ्यांची सवय मोडण्याचा माझा प्रयत्न असतो.

आधी शब्दाविषयी थोडे. हाडाला स्पॅनिशमध्ये ‘उएसो’ म्हणतात, अनेकवचन ‘उएसोस’. लिहिताना आरंभी ‘एच’ हे अक्षर असते, पण ते उच्चारले जात नाही. लॅटिनमधील ऱ्हस्व ‘ओ’वर आघात आला की स्पॅनिशमध्ये त्याचा ‘उए’ होतो, त्यातून हे रूप आले. आणि जुन्या लेखनात ‘यू’ व ‘व्ही’ ही अक्षरे वेगळी काढली जात नसल्यामुळे शब्द ‘वेसो’ असा वाचला जाऊ नये, यासाठी पुढे ‘एच’ लावण्याची पद्धत पडली. आघात दुसरीकडे सरकला की जुना ‘ओ’ परत दिसतो, म्हणून सांगाड्याला ‘ओसामेंता’ आणि अस्थी ठेवण्याच्या जागेला ‘ओसार्यो’ म्हणतात. लॅटिनमधला हा मूळ शब्द आणि आपला ‘अस्थि’ हे एकाच इंडो-युरोपीय धातूचे वंशज आहेत. इंग्रजीतील ‘बोन’ मात्र जर्मेनिक शाखेतला, निराळ्या मुळाचा शब्द आहे. शिवाय स्पॅनिशमध्ये ‘उएसो’ म्हणजे फळातली कठीण बाठ किंवा आठळीसुद्धा. ऑलिव्हच्या बरणीवर ‘सिन उएसो’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ ‘बी काढलेले’ एवढाच असतो. वाक्प्रचार समजून घेताना हा दुसरा अर्थ मनात असू द्यावा, कारण दातांखाली अनपेक्षितपणे काहीतरी टणक लागणे ही कल्पना दोन्ही अर्थांना सामायिक आहे.

हाडाचे पहिले आणि सर्वांत ठळक काम म्हणजे कठीणपणा. ‘उन उएसो दुरो दे रोएर’ म्हणजे शब्दशः कुरतडायला कठीण असे हाड. हे प्रश्नाविषयी म्हणता येते, प्रतिस्पर्धी संघाविषयी म्हणता येते, आणि सहजासहजी न नमणाऱ्या माणसाविषयीही. इंग्रजीत यासाठी ‘अ टफ नट टू क्रॅक’ हा पर्याय सर्वमान्य आहे, आणि तो चांगला आहे, परंतु दोहोंत एक सूक्ष्म फरक आहे. कवच फोडले की आतला गर हाती येतो, म्हणून इंग्रजी वाक्प्रचारात उकल होण्याची, उत्तर सापडण्याची अपेक्षा असते. हाड कुरतडण्यात वेळ आणि चिकाटी यांची कसोटी असते, म्हणून स्पॅनिश वाक्प्रचार खेळाच्या मैदानावर आणि राजकारणात अधिक रुळला आहे. मराठीत आपण ‘लोखंडाचे चणे चावणे’ म्हणतो ते भावनेने स्पॅनिशच्याच जवळचे आहे. स्पेनमधले विद्यार्थी याचे आखूड रूप वापरतात: ‘एल प्रोफेसोर एस उन उएसो’, म्हणजे हे शिक्षक फार कडक आहेत, गुण देताना हात आखडता घेतात. हेच एखाद्या विषयाबद्दलही म्हटले जाते. येथे ‘नट’ अजिबात चालणार नाही, कारण इंग्रजीत माणसाला ‘नट’ म्हटले की तो वेडसर ठरतो. शिक्षकासाठी ‘अ टफ मार्कर’ किंवा ‘रिअली स्ट्रिक्ट’ आणि विषयासाठी ‘अ किलर’ असे संदर्भानुसार म्हणावे लागते.

कठीणपणाच्याच गटातला, पण पूर्णपणे स्पेनच्या संस्कृतीतून आलेला वाक्प्रचार म्हणजे ‘पिंचार एन उएसो’. बैलझुंजीच्या अखेरच्या टप्प्यात मातादोर बैलाच्या शिंगांवरून पुढे झेपावून त्याच्या खांद्यांच्या फऱ्यांमधील लहानशा जागेत तलवार खुपसण्याचा प्रयत्न करतो. नेम किंचित चुकला की तलवारीचे टोक मणक्यावर किंवा फऱ्यावर आदळते, पाते वाकते आणि तलवार उडून बाहेर येते. याला हाडावर टोचणे म्हणतात. आज ज्यांनी आयुष्यात एकही झुंज पाहिलेली नाही, किंवा ज्यांचा या खेळाला ठाम विरोध आहे, असेही स्पॅनिश लोक हा वाक्प्रचार सहज वापरतात. मंत्र्याला विरोधी पक्षाचे मन वळवता आले नाही, विक्रेत्याला ग्राहक बधला नाही, बलाढ्य फुटबॉल संघाला दुबळ्या संघाचा बचाव भेदता आला नाही, की वर्तमानपत्रात हेच शब्द येतात. अर्थाचा गाभा असा की प्रयत्न जोरात होता, दिशाही जवळपास बरोबर होती, पण अनपेक्षितपणे टणक अडथळा लागला आणि हात रिकामे राहिले. इंग्रजीत ‘हिट अ ब्रिक वॉल’ हा यातल्या त्यात जवळचा पर्याय. माहिती काढण्याचा प्रयत्न फसला असेल तर ‘ड्रॉ अ ब्लँक’ चालते. ‘हिट अ स्नॅग’ मात्र मी टाळते असे म्हणण्यापेक्षा, मुळात त्याची मात्राच कमी पडते: त्यात किरकोळ अडचण सुचवली जाते, तर स्पॅनिशमध्ये प्रयत्नच फसलेला असतो. मराठीत ‘डाळ शिजली नाही’ हे बऱ्याच वेळा चपखल बसते.

हाडाचे दुसरे काम म्हणजे खोली दाखवणे. शरीरात बाहेरून आत जाताना कातडी, मांस, हाड आणि शेवटी मज्जा असा क्रम लागतो, आणि प्रत्येक भाषा आपापल्या मर्जीने या क्रमातील एखाद्या थरावर थांबते. पावसात चिंब भिजलेला माणूस स्पॅनिशमध्ये ‘कालादो आस्ता लोस उएसोस’ असतो, म्हणजे पाणी त्याच्या हाडांपर्यंत झिरपलेले असते. इंग्रज त्याच पावसात ‘सोक्ट टू द स्किन’ होतो, म्हणजे कातडीपाशीच थांबतो. आणि आपण ‘नखशिखान्त’ भिजतो, म्हणजे खोली न मोजता उंची मोजतो. थंडीच्या बाबतीत मात्र तिघेही हाडांपर्यंत जातात. स्पॅनिश माणूस थंडी ‘हाडांत शिरली’ म्हणतो, इंग्रजीत ‘चिल्ड टू द बोन’ आहे, आणि मराठीतही थंडी हाडे गोठवते. कष्टांकडे वळल्यावर चित्र उलटते. इंग्रजीत अतोनात राबणारा माणूस ‘वर्क्स हिज फिंगर्स टू द बोन’, म्हणजे बोटांची हाडे उघडी पडेपर्यंत काम करतो. स्पॅनिशमध्ये त्यासाठी ‘देहार्से ला प्येल’, म्हणजे कामात आपली कातडी मागे सोडणे, असे म्हणतात. पावसात जो थर इंग्रजीचा होता तो कष्टांत स्पॅनिशचा झाला, आणि स्पॅनिशचा इंग्रजीकडे गेला. मराठीतले ‘हाडाची काडे करणे’ येथे इंग्रजीच्या बाजूला आहे. हे वाक्प्रचार जोडीने शिकावेत असा माझा आग्रह असतो, कारण एकाच मांडणीत दोन्ही दिसले की शब्दशः भाषांतराचा मोह कायमचा सुटतो.

प्रेमातही स्पॅनिश माणूस खोलच जातो. ‘एनामोरादो आस्ता लोस उएसोस’ म्हणजे हाडांपर्यंत प्रेमात बुडालेला, आणि त्याहून पुढचा ‘आस्ता लोस तुएतानोस’ म्हणजे मज्जेपर्यंत. इंग्रजीत ‘हेड ओव्हर हील्स’. स्पेनमध्ये बोलीभाषेत ‘एस्तार पोर लोस उएसोस दे आल्ग्येन’ असेही म्हणतात. त्याची शब्दशः फोड निरर्थक वाटते, पण अर्थ एवढाच की अमुक माणूस तमुकच्या प्रेमात पागल आहे. इंग्रजीत ‘क्रेझी अबाउट’ किंवा ‘मॅड अबाउट’. मित्रमंडळींच्या गप्पांत हे गोड वाटते, औपचारिक लेखनात शोभत नाही.

मेक्सिकोत खोलीची हीच कल्पना निष्ठा आणि अस्सलपणा यांसाठी वापरली जाते. ‘दे उएसो कोलोरादो’ म्हणजे लाल हाडाचा. एखाद्या संघाचा, पक्षाचा किंवा प्रदेशाचा कट्टर अभिमानी माणूस असे स्वतःचे वर्णन करतो. शब्दकोश यासाठी ‘डाइड इन द वूल’ किंवा ‘थ्रू अँड थ्रू’ देतात. हे बरोबर आहे, पण ‘डाइड इन द वूल’ इंग्रजीत मुख्यतः मतांविषयी, विशेषतः राजकीय मतांविषयी वापरतात, त्यामुळे अमुक गावचा अस्सल रहिवासी असे म्हणायचे असेल तर ‘थ्रू अँड थ्रू’ किंवा ‘टू द कोअर’ घ्यावे. मराठीत आपल्याकडे ‘हाडाचा’ हे विशेषण आहेच: हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी, हाडाचा कार्यकर्ता. मराठी विद्यार्थ्याला हा मेक्सिकन प्रयोग एकदा ऐकवला की पुन्हा समजावून सांगावा लागत नाही, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो दर वेळी नव्याने समजवावा लागतो.

आता ज्या वाक्प्रचारात सर्वाधिक चुका होतात त्याकडे वळू. ‘दे कार्ने ई उएसो’ म्हणजे मांसाचा आणि हाडाचा, म्हणजेच खराखुरा, भावना असलेला, चुकू शकणारा माणूस. इंग्रजीत तो ‘फ्लेश अँड ब्लड’ होतो. मांस राहते, हाडाच्या जागी रक्त येते. येथपर्यंत सोपे आहे. अडचण अशी की इंग्रजीतील ‘फ्लेश अँड ब्लड’ला दोन अर्थ आहेत: एक खराखुरा माणूस, आणि दुसरा ‘माय ओन फ्लेश अँड ब्लड’ म्हणजे माझे सख्खे, माझ्या रक्ताचे माणूस. दुसऱ्या अर्थाचे वाक्य स्पॅनिशमध्ये नेताना ‘दे कार्ने ई उएसो’ लिहिले तर वाक्याचा अर्थच बदलतो. तेथे ‘मी प्रोप्या सांग्रे’, म्हणजे माझे स्वतःचे रक्त, असे म्हणावे लागते. मराठीत आपण ‘हाडामांसाचा माणूस’ आणि ‘रक्ताचे नाते’ असे दोन वेगळे प्रयोग करतो. जी विभागणी स्पॅनिशमध्ये आहे तीच आपल्या भाषेत आहे, आणि इंग्रजीने दोन्ही अर्थ एकाच जोडशब्दात भरले आहेत. इंग्रजीच्या मार्गाने गेलेला मराठी विद्यार्थी म्हणूनच घसरतो. तो सरळ मराठीतून स्पॅनिशमध्ये गेला असता तर घसरला नसता. याच कुळातला ‘एन कार्ने ई उएसो’ म्हणजे प्रत्यक्ष, समक्ष. इंग्रजीत ‘इन द फ्लेश’. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात दुसऱ्या अध्यायाच्या 23व्या वचनात आदाम हव्वेविषयी ‘माझ्या हाडातले हाड आणि माझ्या मांसातले मांस’ असे म्हणतो. हे वचन स्पॅनिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सारखेच परिचित आहे, म्हणून त्याचा उल्लेख असेल तेथे वाक्प्रचार न शोधता बायबलच्या प्रचलित अनुवादातील शब्दच घ्यावेत.

कृश माणसाच्या बाबतीत फारसे अडत नाही. ‘एस्तार एन लोस उएसोस’ म्हणजे इंग्रजीत ‘बी ऑल स्किन अँड बोन्स’, मराठीत ‘हाडांचा सापळा होणे’. ‘साको दे उएसोस’ म्हणजे ‘बॅग ऑफ बोन्स’, तंतोतंत. थकव्यासाठी ‘तेंगो लोस उएसोस मोलिदोस’, म्हणजे माझी हाडे दळली गेली आहेत. इंग्रजीत ‘बोन-टायर्ड’ किंवा ‘डेड बीट’, मराठीत अंगाचा भुगा होतो.

जिभेविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. स्पॅनिश बोलीत जिभेला ‘ला सिनउएसो’ म्हणतात, म्हणजे ‘ती बिनहाडाची’. रॉयल स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात हा शब्द बोलीभाषेतील म्हणून नोंदलेला आहे. ‘दार्ले आ ला सिनउएसो’ म्हणजे तोंडाचा पट्टा चालू ठेवणे, अखंड बडबड करणे. इंग्रजीत ‘वॅग वन्स टंग’, आणि दोघांच्या निवांत गप्पा असतील तर ‘च्यू द फॅट’. मराठी वाचकाला येथे लगेच ‘तुझ्या जिभेला काही हाड आहे का?’ हे वाक्य आठवेल, आणि ते आठवणे योग्यच आहे, पण दोहोंचा सूर एक नाही. स्पॅनिश प्रयोगात भर बोलण्याच्या प्रमाणावर आहे, त्यात थोडे कौतुकही असू शकते. मराठी प्रयोगात भर बोलण्याच्या बेतालपणावर आहे, आणि तो नेहमी दोष देतो. म्हणून ‘दार्ले आ ला सिनउएसो’चा मराठी अनुवाद ‘जिभेला हाड नसणे’ असा करू नये. ‘तोंडाची टकळी चालू असणे’ हे बरोबर आहे. याउलट स्पष्टवक्त्या माणसाला स्पॅनिशमध्ये ‘नो तेनेर पेलोस एन ला लेंग्वा’, म्हणजे जिभेवर केस नसलेला, असे म्हणतात, आणि इंग्रजीत असा माणूस ‘मेक्स नो बोन्स अबाउट इट’. इंग्रजी वाक्प्रचारात ‘बोन्स’ हा शब्द दिसल्यामुळे अनेक मराठी विद्यार्थी त्याचा अर्थ ‘जिभेला हाड नाही’ असा लावतात, आणि एका प्रामाणिक, आडपडदा न ठेवणाऱ्या माणसाला तोंडाळ ठरवून मोकळे होतात. ‘तोंडावर स्पष्ट बोलणे’, ‘भीडभाड न ठेवणे’ हा त्याचा अर्थ आहे.

बिनहाडाची जीभ हाडे मोडते, ही जुनी कल्पना पुष्कळ भाषांत आहे. बायबलमधील नीतिसूत्रांच्या 25व्या अध्यायाच्या 15व्या वचनात मृदू जीभ हाड मोडते असे म्हटले आहे, पण तेथे ती प्रशंसा आहे: संयमाने आणि गोड बोलण्याने कठोर माणूसही वळतो. जिभेने होणाऱ्या जखमांची तक्रार करणाऱ्या म्हणी वेगळ्या, आणि या वचनाची गल्लत त्यांच्याशी करू नये.

हाडाचे तिसरे काम कुत्र्यापुढे पडणे हे आहे. ‘आ ओत्रो पेर्रो कोन एसे उएसो’, म्हणजे हे हाड दुसऱ्या कुत्र्याला टाक: तुझ्या थापांना मी फसणार नाही. स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’ या कादंबरीच्या 1605 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात, 32व्या प्रकरणात, खाणावळीचा मालक हेच शब्द उच्चारतो. शूरवीरांच्या पोथ्या खोट्या आहेत असे पाद्री त्याला पटवू पाहतो, तेव्हा तो त्याला अशा शब्दांत उडवून लावतो. चारशे वर्षांनंतरही वाक्य एका शब्दाने बदललेले नाही, आणि आजच्या माद्रिदमधील तरुणालाही ते सहज कळते. इंग्रजीत ब्रिटिश वळणाचे ‘पुल द अदर वन’ किंवा जुने ‘टेल दॅट टू द मरीन्स’ हे पर्याय आहेत. पात्र वयस्क असेल तर दुसरा, आजच्या काळातले असेल तर पहिला घ्यावा. मराठीत ‘या थापा दुसऱ्या कुणाला मार’ एवढे सरळ वाक्य पुरते. कुत्रा आणायची गरज नाही, उलट तो आणला तर बोलणाऱ्याने स्वतःला कुत्रा म्हटल्याचा विचित्र भास होतो. ‘क्येन कोम्यो ला कार्ने, के रोआ एल उएसो’ या म्हणीत मांस आणि हाड यांची वाटणी आहे: ज्याने मांस खाल्ले त्यानेच हाडही कुरतडावे, म्हणजे लाभ घेणाऱ्याने त्रासही सोसावा. इंग्रजीत ‘टेक द रफ विथ द स्मूद’ म्हणतात, पण त्यात लाभ घेतल्याबद्दलचा ठपका नाही, जो स्पॅनिश म्हणीत स्पष्ट ऐकू येतो.

मारहाण आणि निंदा यांसाठी ‘नो देहार उएसो सानो’, म्हणजे एकही हाड धड न ठेवणे, हा प्रयोग आहे. खरोखरची मारहाण असेल तर मराठीत हाडे खिळखिळी करणे. पाठीमागे केलेली निंदा असेल तर वाभाडे काढणे, आणि इंग्रजीत ‘टेअर समवन टू पीसेस’. ‘दार कोन सुस उएसोस एन ला कार्सेल’ म्हणजे शेवटी हाडे घेऊन तुरुंगात जाऊन पडणे. हे वर्तमानपत्रांना फार प्रिय आहे, आणि त्यात माणसाच्या अधोगतीची एक वाटचाल सुचवलेली असते. इंग्रजीतील ‘एंड अप इन जेल’ त्या मानाने कोरडे आहे. ‘लँड इन जेल’ जरा बरे. मराठीत ‘तुरुंगाची हवा खाण्याची वेळ आली’ असे म्हटले की सूर जुळतो.

आता उलट दिशेने पाहू, कारण इंग्रजीत हाड असलेले आणि स्पॅनिशमध्ये ते अजिबात नसलेले वाक्प्रचार अनुवादकाला अधिक फसवतात. ‘बोन ऑफ कन्टेन्शन’ म्हणजे दोन कुत्र्यांमधले भांडणाचे हाड. स्पॅनिशमध्ये तेथे ‘मान्साना दे ला दिस्कोर्दिया’, म्हणजे कलहाचे सफरचंद येते, कारण स्पॅनिशने ग्रीक पुराणातील एरिस देवीच्या सोनेरी सफरचंदाची कथा धरली आहे, ज्यातून पुढे ट्रॉयचे युद्ध झाले. ‘आय हॅव अ बोन टू पिक विथ यू’ याचा ‘उएसो दुरो दे रोएर’शी काहीही संबंध नाही, त्याचा अर्थ तुला एका गोष्टीबद्दल जाब विचारायचा आहे, असा असून स्पॅनिशमध्ये ‘तेनेमोस उना क्वेन्ता पेंद्येन्ते’, म्हणजे आपला एक हिशेब बाकी आहे, असे म्हणतात. ‘फील इट इन माय बोन्स’साठी स्पॅनिश माणूस हाडांकडे न जाता हृदयाकडे जातो आणि ‘तेंगो उना कोरासोनादा’ म्हणतो. मराठीतही आपले मनच सांगत असते. ‘व्हॉट इज ब्रेड इन द बोन’ या इंग्रजी म्हणीला स्पॅनिशमध्ये ‘हेन्यो ई फिगुरा आस्ता ला सेपुल्तुरा’, म्हणजे स्वभाव आणि रूप थडग्यापर्यंत टिकतात, अशी यमकबद्ध म्हण आहे, आणि मराठीत ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’. येथे पुन्हा स्पॅनिश आणि मराठी मृत्यूपाशी भेटतात आणि इंग्रजी एकटी हाडात राहते. ‘बोन आयडल’ माणसाला स्पेनमध्ये ‘मास वागो के ला चाकेता दे उन ग्वार्द्या’, म्हणजे शिपायाच्या कोटाहूनही आळशी, म्हणतात. लपवलेल्या गुपितासाठीच्या ‘स्केलेटन इन द क्लॉझेट’मधील सांगाडा स्पॅनिश कपाटात ‘मुएर्तो’, म्हणजे मृत माणूस, होतो.

हिंदीतून मराठीत रुळलेल्या ‘कबाब में हड्डी’विषयीही हटकून विचारले जाते. त्यासाठी स्पॅनिशमध्ये हाड नाही. दोन प्रेमिकांमध्ये अडकलेला तिसरा माणूस स्पेनमध्ये ‘सुहेतावेलास’, म्हणजे मेणबत्ती धरून उभा राहणारा, असतो, आणि इंग्रजीत ‘थर्ड व्हील’.

प्रदेशाचा विचार न करता यातला कोणताही पर्याय निवडू नये, आणि याचे उत्तम उदाहरण पुन्हा मेक्सिकोचेच आहे. तेथे राजकारणाच्या भाषेत नुसत्या ‘उएसो’चा अर्थ ओळखीपाळखीने, पक्षनिष्ठेचे बक्षीस म्हणून मिळालेले सरकारी पद असा होतो. निवडणूक संपली की अमुक नेता ‘हाड शोधतो आहे’ असे म्हटले जाते. इंग्रजीत ‘अ प्लम जॉब’, मराठीत ‘मलईदार पद’. हेच वाक्य स्पेनच्या वाचकापुढे ठेवले तर तो गोंधळेल. मेक्सिकोत मृत्यूलाही प्रेमाने ‘ला उएसुदा’, म्हणजे हाडकुळी बाई, म्हणतात. इंग्रजीतील ‘द ग्रिम रीपर’ पुरुषी आणि भयानक आहे, त्यामुळे तो पर्याय मला मान्य नाही. 1 आणि 2 नोव्हेंबरला साजऱ्या होणाऱ्या मृतांच्या दिवसांत, साखरेच्या कवट्यांच्या आणि मेक्सिकन चित्रकार होसे ग्वादालुपे पोसादा (1852–1913) याच्या नटलेल्या सांगाड्यांच्या चित्रांच्या सान्निध्यात ती घरातल्या थट्टेखोर आत्याबाईसारखी वावरते. इंग्रजीत ‘द बोनी लेडी’ असे सरळ भाषांतर करून संदर्भावर विश्वास ठेवणे मला योग्य वाटते.

काही ठिकाणी हाड हे नाव असते, वाक्प्रचार नसतो, आणि तेथे पर्याय शोधायचाच नसतो. स्पेनमध्ये सर्व संतांच्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, ‘उएसोस दे सान्तो’ नावाची मिठाई खातात: बदामाच्या गोड लगद्याची पांढरी नळी आणि आत मज्जेसारखे पिवळ्या बलकाचे सारण. चिलीत ‘उएसियो’ म्हणजे बाठीसकट सुकवलेले पीच, आणि ते पाण्यात शिजवून, त्यात साल काढलेल्या गव्हाचे दाणे घालून केलेले ‘मोते कोन उएसियो’ हे तेथील उन्हाळ्याचे पेय आहे. ही नावे तशीच ठेवून सोबत चार शब्दांत ओळख करून द्यावी.

शेवटचा आणि खरोखर अवघड प्रकार शब्दखेळाचा. स्पेनमधील बुर्गोस शहराजवळच्या आतापुएर्का येथे ‘सिमा दे लोस उएसोस’, म्हणजे हाडांचे विवर, हे प्रसिद्ध उत्खननस्थळ आहे. तेथे सुमारे 4,30,000 वर्षांपूर्वीच्या किमान 28 मानवांची हाडे मिळाली आहेत. अशा स्थळाविषयी लिहिताना स्पॅनिश पत्रकाराला ‘पिंचार एन उएसो’ किंवा ‘उएसो दुरो दे रोएर’ वापरण्याचा मोह होणारच, आणि मग वाक्प्रचाराचा लाक्षणिक अर्थ व समोरची खरी हाडे दोन्ही एकाच वेळी बोलू लागतात. ‘नट’ किंवा ‘ब्रिक वॉल’ घातली तर खेळ मरतो. अशा वेळी मी वर सांगितलेला नियम उलटा करावा असे सुचवेन: येथे हाड राखावे आणि वाक्प्रचार सोडावा. एखादे संशोधन अडल्याचा मथळा असेल, तर इंग्रजीत ‘क्लोज टू द बोन’, ‘बेअर बोन्स’, ‘बोन ऑफ कन्टेन्शन’ यांपैकी जो प्रयोग त्या बातमीच्या आशयाला धक्का लावत नाही तो घ्यावा. दोन संशोधकांमध्ये जीवाश्मांच्या वर्गीकरणावरून वाद असेल तर ‘बोन ऑफ कन्टेन्शन’ मूळ मथळ्याइतकाच जिवंत ठरतो. मराठीत हाच मथळा करताना ‘हाडवैर’ हा शब्द खुणावतो, पण तो वापरू नये, कारण त्यातले वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे असते आणि मतभेद असलेल्या दोन शास्त्रज्ञांवर ते लादणे अन्यायाचे होईल. ‘हाडांवरून हमरीतुमरी’ एवढे पुरेसे आहे.